फळीखालून चालताना

रोस्विताचं पत्र आलं तेव्हा अंगणातलं सफरचंदाचं झाड फुललं होतं. मी ते उभ्यानेच वाचलं, खुर्चीत बसून पुन्हा वाचलं आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं. उद्या उत्तर लिहू, म्हणालो. झाडाला फळं धरली, गळली, पुढच्या वर्षी झाड पुन्हा फुललं. पत्र तिसऱ्या खंडातच होतं.

लिहिण्याचा मला कंटाळा आहे असं नाही. माझं सगळं आयुष्य कागदांतच गेलं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांची वाक्यं वाचायची आणि जिथे खात्री वाटत नाही तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तेव्हा पेन्सिल सुटली, प्रश्नचिन्ह राहिलं. शेजारीण सहज म्हणाली, 'आज काय थंडी आहे,' तरी मी आधी खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे बघतो आणि मग मान हलवतो. बायको होती तोवर ती म्हणायची, "फोल्कमार, लग्नाला हो म्हणालास तेव्हाही समासात काहीतरी खरडलं होतंस तू. मला दिसलं होतं."

रोस्विता माझी मावसबहीण. तिने लिहिलं होतं :

'प्रिय फोल्कमार, आपल्या घरातलं आता तुझ्याशिवाय विचारावं असं कोणी उरलं नाही. मी चार वर्षांची होते, तू नऊचा. आईची मला एकच आठवण आहे आणि तीही चांगली नाही. बेकरीतून आपण श्टोलन घेऊन घरी चाललो होतो. फळी आईच्या खांद्यावर होती. मी फळीखालून चालत होते, छपराखालून चालावं तशी. मग मी मान वर केली, डोकं फळीला लागलं आणि श्टोलन मोडला. घरी आल्यावर आजी खुर्चीत बसली ती बोललीच नाही. पुढचं तुला माहीत आहे. मला खरं सांग, तो माझ्यामुळे मोडला का? इथे वृद्धाश्रमात नाताळ जवळ आला की सगळ्यांच्या बशीत श्टोलनची एक चकती येते. मी बशी शेजारणीकडे सरकवते.'

आमच्या ड्रेस्डेनमध्ये श्टोलन घरी भाजायची पद्धत नव्हती. घराघरातून पीठ, लोणी, मनुका आणि बदाम बेकरीत जायचे. बेकरीवाला सगळ्यांचे श्टोलन एकाच भट्टीत भाजायचा. कोणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या टोकाला त्या घराच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला खोचलेला असे. दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या बाळासारखे दिसणारे ते लांबट, जड पाव, वर पिठीसाखरेचा थर. ते लांब फळीवर मांडायचे, पांढरं फडकं घालायचं आणि फळी खांद्यावर घेऊन घरी यायचं. पण जपून. वाटेत श्टोलन मोडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं सगळे मानत. मानत नसत तेही त्या दिवशी पाऊल बघून टाकत.

दुसऱ्या महायुद्धातल्या त्या शेवटच्या नाताळात आमच्या फळीवर दोनच होते. त्यातला एक मोडला. जानेवारीत रोस्विताला आणि मला माझ्या काकांकडे खेड्यात पाठवलं. फेब्रुवारीत बाँबहल्ल्यात शहर जळालं. आजी आणि हर्टा मावशी, म्हणजे रोस्विताची आई, घरातच होत्या. माझी आई त्याआधीच, मी फार लहान असताना गेली होती. मला वाढवलं ते मावशीने. पुढे रोस्विताला तिच्या वडिलांकडच्या लोकांनी उत्तरेला समुद्राकाठी नेलं. मी काकांबरोबर पश्चिमेला गेलो. मध्ये दोन जर्मनींची सरहद्द आली. सरहद्द गेली तोवर आम्ही दोघंही पत्रात हवापाण्याचं लिहिणारी माणसं झालो होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं असंही नाही. मला आठवत होतं ते वेगळंच होतं. माझ्या आठवणीत मावशी वाटेत थांबते. एका दारापाशी दगडी कठडा आहे, त्यावर ती फळीचं पुढचं टोक टेकवते. फडक्याखाली हात घालते आणि टोकाचा तुकडा मोडते. स्वतःच्या हाताने, हसत. रोस्विताला देते, मला देते. 'आजीला सांगायचं नाही हं,' असं म्हणते. आजीचा नियम होता, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत श्टोलनला हात लावायचा नाही.

पण हे खरं होतं का? आयुष्यभर मी त्या काळाबद्दल इतकं वाचलं आहे की बर्फातून पाव घेऊन जाणारी कुठली बाई माझी आणि कुठली छापलेली, हे मला सांगता येत नाही. समजा हे कुठल्यातरी पुस्तकातलं असेल, आणि मी ते रोस्विताला तिची आई म्हणून दिलं तर? बिचारीकडे एकच आठवण. ती वाईट का होईना, तिची स्वतःची आहे. ती काढून घेऊन त्या जागी मी दुसऱ्या कोणाचीतरी ठेवायची? प्रश्नचिन्हासकट पाठवता येईल अशी ही गोष्ट नव्हती. म्हणून पत्र तिसऱ्या खंडात राहिलं.

मग या डिसेंबरात माझ्या मुलीने, आल्मुटने फोन केला.

"बाबा, पुढच्या शनिवारी आपण ड्रेस्डेनला जातोय. एक रात्र राहायचं, रविवारी परत. हेनिंगने हॉटेल ठरवलंय."

"इतक्या थंडीत?"

"नाताळबाजार उन्हाळ्यात भरवायला सांगू का त्यांना?"

"माझे गुडघे..."

"गुडघेही घेऊन या. गाडीत जागा आहे."

निघताना मी शब्दकोशाचा तिसरा खंड उघडला आणि पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मनात एक बेत होता आणि तो मला कोणाला सांगायचा नव्हता. जुना बाजारचौक त्यांनी पुन्हा बांधला आहे, जुने नकाशे, जुने फोटो बघून, दगडाला दगड लावून, असं मी वाचलं होतं. मग आजीच्या घराकडे जाणारी गल्लीही असेल. गल्लीत ते दार असेल. दारापाशी तो कठडा असेल. त्या कठड्याचा फोटो मी कधी कुठल्या पुस्तकात बघितलेला नाही. तो तिथे असला तर माझी आठवण माझीच; मग त्याच संध्याकाळी रोस्विताला लिहायचं. नसला तर कायमचं गप्प बसायचं.

वाटभर धुकं होतं. जावई हेनिंग गाडी चालवताना फार बोलत नाही. गाडीतली रस्ता सांगणारी यंत्रातली बाई बोलते आणि तो तिला उत्तरं देतो. माझ्या शेजारी नात येटे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली, पाय वर घेऊन बसली होती.

"आजोबा, तुम्हाला तिथलं काय काय आठवतं?"

"काही काही."

"म्हणजे?"

"बेकरी. तिथला वास. नदीवरचा पूल, बहुधा."

"पूल बहुधा होता, की बहुधा आठवतो?"

"येटे, आजोबांना छळू नकोस," पुढून आल्मुट म्हणाली.

"छळत नाहीये. मोजतेय. मागच्या सहलीत संध्याकाळपर्यंत अकरा 'बहुधा' झाले होते."

एल्ब नदी आली तेव्हा दिसलीच नाही. पुलाखाली नुसतं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात एक भोंगा हळूच वाजला. पलीकडे मनोरे आणि घुमट अर्धवट उमटत होते, कोणी झोपेतून उठता उठता एकेक आठवत असावं तसे. मी काच खाली केली. कोळशाचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो भाजलेल्या बदामांचा.

चौकात आम्ही उतरलो. समोर मोठ्या घुमटाचं चर्च. त्याच्या फिकट भिंतींत मधूनमधून काळे दगड आहेत. ते जुने, ढिगाऱ्यातून निवडून पुन्हा आपापल्या जागी बसवलेले. भोवती घरं, गुलाबी, पिवळी, पिस्त्याच्या रंगाची. कोपरे धारदार, खिडक्या स्वच्छ, कुठे एक ओरखडा नाही. त्यांतली बरीच घरं येटेपेक्षा वयाने लहान होती. स्वप्नात आपण आपल्याच घरी जातो आणि सगळं जागच्या जागी असतं, पण कोणीतरी नुकतंच ठेवून गेल्यासारखं वाटतं. तसं मला वाटत होतं. माझ्या बुटांचा आवाजही मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"बाबा," हेनिंगने विचारलं, "तुमच्या वेळी असंच होतं ना?"

"हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "बहुधा."

"आला," येटे म्हणाली. "आता सहल सुरू झाली."

त्यांना बाजार बघायचा होता. मी म्हणालो, गर्दी मला झेपत नाही, इथेच जरा पाय मोकळे करतो. आल्मुटने माझ्या मफलरला एक वेढा जास्त दिला आणि तासाभराने याच कारंज्यापाशी या म्हणून बजावलं.

गल्ली सापडली. म्हणजे चौकाच्या त्या कोपऱ्यातून एक गल्ली निघत होती आणि तिला तसाच हलका चढ होता. माझे पाय आपोआप तिकडे वळले, एवढंच मी शपथेवर सांगू शकेन. धुकं गल्लीत साचून राहिलं होतं. दिवे अजून लागायचे होते तरी खिडक्यांना आतून उजेड होता, आणि एकाही खिडकीत माणूस नव्हतं. मी एका बाजूने चढत गेलो आणि प्रत्येक दारापाशी थांबलो. पायऱ्या होत्या. कोरीव चौकटी होत्या. एका दारावर दगडात कोरलेली टोपली होती, फळांनी भरलेली, प्रत्येक फळ ताजं. कठडा नव्हता. दुसऱ्या बाजूने उतरत आलो. खिडक्यांचे दगडी उंबरे होते, पण माझ्या छातीइतके उंच. त्यावर फळी टेकवायची तर मावशीला शिडी लागली असती. एका दाराशी गुडघ्याएवढा ओटा होता, तर त्यावर झाडाची कुंडी ठेवली होती आणि ओटा काँक्रीटचा होता.

मी हात लावून बघत होतो तेव्हा हॉटेलचा दरवान बाहेर आला.

"काही हरवलंय का, साहेब?"

"नाही, नाही. माफ करा. इथे दारापाशी पूर्वी एक कठडा होता का? साधारण इतका उंच?"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "पूर्वी म्हणजे कधी?"

"चव्वेचाळीस साली."

"मी जूनमध्ये लागलो," तो म्हणाला. "आणि मी इथला नाही, केम्निट्सचा आहे. आत येऊन बसता का थोडं?"

मी आभार मानून पुढे झालो. पुन्हा एकदा वर गेलो, पुन्हा खाली आलो. मग माझ्या लक्षात आलं की आता मला खरोखरच दिसला असता तरी विश्वास बसला नसता. बांधणाऱ्यांनी फोटो बघून बांधलं. मी पुस्तकं वाचून आठवलं. दोघांनी एकाच कागदावरून नक्कल केली असेल तर एकाची साक्ष दुसऱ्याला काय कामाची? कोटाच्या आत पत्राची घडी छातीला टोचत होती. मी ठरवलं, झालं. परत गेल्यावर ते तिसऱ्या खंडात ठेवायचं. रोस्विता बशी सरकवत राहील आणि मी तिला ईस्टरला शुभेच्छांचं कार्ड पाठवत राहीन.

"बाबा."

गल्लीच्या तोंडाशी आल्मुट उभी होती. मागे हेनिंग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि येटे.

"कारंज्यापाशी या म्हटलं होतं ना? तासाचे दोन तास झाले. टोपी कुठाय?"

"खिशात."

"खिशाला थंडी वाजत होती का?" तिने टोपी काढून माझ्या डोक्यावर ओढली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही. मी एक घर बघत होतो."

"सापडलं?"

"नाही."

माझ्या बाहीवरची चुन्याची धूळ तिने झटकली. मग आवाज बदलून म्हणाली, "बघा काय आणलंय." हेनिंगच्या पिशवीतून तिने एक लांब पुडकं काढलं, पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं. "आत्ता भट्टीतून निघालेला. अजून कोमट आहे."

"आणि त्याच्या टोकाला बघा," येटे म्हणाली. "मी आपला बिल्ला लावलाय."

बाजारात एक म्हातारा पत्र्याचे बिल्ले विकत होता, जुन्या श्टोलनच्या बिल्ल्यांसारखे, आणि हवं ते नाव ठोकून देत होता. येटेने त्याच्याकडून एक करून घेतला होता आणि कागदातूनच श्टोलनच्या टोकात खोचला होता. मी चष्मा वर करून वाचलं. अक्षरं जरा वाकडी होती. बिल्ल्यावर ठोकलं होतं : 'बहुधा'.

"म्हातारा म्हणाला, हे आडनाव कधी ऐकलं नाही," येटे म्हणाली. "मी म्हटलं, आमचं जुनं घराणं आहे."

हेनिंग हसला. मीही हसलो असेन.

"मला भूक लागलीये," आल्मुट म्हणाली.

"हॉटेलात जाऊन कापू ना," हेनिंग म्हणाला. "सुरी कुठाय इथे? आणि तुझ्या आईचा नियम विसरलीस? मधून कापायचा, दोन्ही बाजूंनी सारखा, टोकं शेवटी."

"कोण बघतंय? बाबा, हात पुढे करा. दोन्ही."

तिथे ठेवायला जागाच नव्हती, रस्ता ओला होता आणि हेनिंगचे हात भरलेले. मी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. तिने पुडकं त्यावर ठेवलं. जड होतं ते, आणि कोटाच्या बाह्यांतून त्याची ऊब मला लागली. तिने कागद थोडा सोडवला, बिल्ला उपटला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि माझे हात अडकलेले पाहून सरळ माझ्या ओठांत धरायला दिला.

"धरा जरा."

"आई, शी," येटे म्हणाली. "आजोबा, गिळू नका हं."

गिळू नकोस हं.

पत्रा गार होता. त्यावर पिठीसाखर लागली होती. साखर विरघळली आणि खालून पत्र्याची चव आली, दाताच्या मुळाशी झिणझिणणारी, आंबूस. मी हललो नाही. आल्मुटचा हात कागदाखाली गेला, टोकाशी, आणि मोडण्याचा आवाज झाला, म्हणजे आवाज असा नाहीच, लोकरीत काहीतरी तुटावं तसा. मग तिने अंगठ्याने बाजूची साखर ओढून मोडलेल्या जागेवर थापली.

कठडा नव्हताच. कठडा मी होतो.

मावशीने फळीचं मागचं टोक खांद्यावर ठेवलं होतं आणि पुढचं माझ्या डोक्यावर. माझे दोन्ही हात वर, फळीला धरून, बोटं बधिर झालेली. 'जरा भिंत हो बरं माझ्यासाठी,' असं ती म्हणाली होती. म्हणून मला तिचा तेव्हाचा चेहरा कधी आठवत नव्हता, नुसतं हसणं आठवत होतं. मी फळीखाली होतो, पुढे बघत. तिने बिल्ला उपटला आणि माझे हात अडकलेले म्हणून माझ्या ओठांत दिला. 'धर. गिळू नकोस हं, घराचं नाव आहे त्यावर.' आणि रोस्विता माझ्या मागे, फळीच्या पोटाखाली, दंडाखालून तिरकी दिसणारी, लाल टोपरं घातलेली, भूक लागली म्हणणारी. तिच्या आईचा हात वरून फळीखाली आला, हातात वाफाळता तुकडा, मोठा. रोस्विताने तो दोन्ही हातमोज्यांत धरला आणि खाली बसूनच खाल्ला, त्या छपराखाली. तिचं डोकं फळीला लागलं नव्हतं. लागलं असतं तर मला कळलं असतं. फळी माझ्या डोक्यावर होती.

घरी आजीने फडकं उचललं तेव्हा मावशी म्हणाली, 'वाटेत मोडला, आई.' आजीपुढे खरं सांगायची तिची कधीच छाती झाली नाही. मग आजीच्या पाठीमागून तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. मी काही बोललो नाही. बिल्ला अजून माझ्या तोंडात होता.

हे मी कुठे वाचलेलं नाही. पत्र्याची चव मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

"बाबा? बाबा, काढा तो आता. बसा कुठेतरी."

मी मान हलवली. हेनिंगने पिशव्या खाली ठेवून पुडकं माझ्या हातांवरून घेतलं. मी बिल्ला तोंडातून काढला आणि रुमालाने पुसून येटेला दिला. आल्मुटने मोडलेला तुकडा माझ्यापुढे धरला. आम्ही चौघांनी तो तिथेच, गल्लीत उभं राहून खाल्ला. धुक्यात दिवे लागले. दरवानाने दार उघडून एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"मला लिहायला कागद हवाय," मी म्हणालो.

हॉटेलच्या खोलीत टेबलाच्या खणात कागद होते, वर हॉटेलचं चित्र छापलेले. बाकीचे तिघे खाली जेवायला गेले. मी खिडकीपाशी बसलो. काच अर्ध्यापर्यंत वाफेने पांढरी झाली होती आणि वरच्या अर्ध्यात घुमट तरंगत होता, खाली काही नसल्यासारखा. एखादा काळा दगड अंधारात दिसेनासा होई, मग पुन्हा दिसे. पहिला कागद 'मला असं वाटतं की' ने सुरू झाला, तो मी फाडला. दुसरा 'माझी स्मृती आता भरवशाची नाही, तरी' ने सुरू झाला, तोही फाडला. मग लिहिलं :

'प्रिय रोस्विता, श्टोलन तुझ्यामुळे मोडला नाही. तो हर्टा मावशीने, तुझ्या आईने मोडला, आपल्या हाताने, तुला भूक लागली होती म्हणून. तू फळीखाली होतीस आणि तिने वरून हात खाली घालून तुला टोकाचा मोठा तुकडा दिला. मला लहान मिळाला, तो तिने माझ्या खिशात टाकला. तुझं डोकं फळीला लागलं नाही, कारण फळीचं पुढचं टोक माझ्या डोक्यावर होतं आणि ती हलली नाही. घरी ती म्हणाली "वाटेत मोडला", कारण ती आजीला भीत होती. एवढंच. नंतर जे झालं ते श्टोलनमुळे झालं नाही. तुझं टोपरं लाल होतं. बर्फ पडत होतं की नुसतं साचलेलं होतं ते मला आठवत नाही, आणि गल्ली कुठली तेही आता नक्की सांगता येत नाही, मी आज खूप शोधलं. पण वर लिहिलेलं सांगता येतं. यंदा बशी सरकवू नकोस. तू तो आधीच खाल्ला आहेस, तिच्या हातून, ऊन ऊन. तुझा फोल्कमार.'

वाचून बघितलं. सवयीने हात पेन्सिलीकडे गेला. 'लाल' शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. मग पेन्सिल खणात ठेवली आणि खण लावला.

खाली जाऊन मी आल्मुटला पत्र दिलं, तिने मनातल्या मनात वाचलं. तिने ते हेनिंगला दिलं, त्याने येटेला. आल्मुटने माझी बशी पुढे ओढली आणि माझ्यासाठी मासा साफ करायला घेतला, मी लहान असल्यासारखा.

"हर्टा," काही वेळाने येटे म्हणाली. "छान नाव आहे. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

सकाळी धुकं विरळ झालं होतं. निघण्याआधी चौकाच्या कडेला पिवळी टपालपेटी दिसली. आल्मुटच्या पर्समध्ये तिकिटं होती. तिने एक लावलं, मग पत्र हातावर तोलून अजून एक लावलं.

"आज रविवार," हेनिंग म्हणाला. "उद्या निघेल. बुधवारपर्यंत पोचायला हरकत नाही."

"फोटो काढून पाठवू का?" येटेने विचारलं. "आश्रमात कोणाकडे तरी फोन असेलच. आत्ता पाच मिनिटांत वाचतील."

"नको," मी म्हणालो. "पत्राला पत्रानेच उत्तर द्यावं."

मी पाकीट फटीत सरकवलं आणि अर्ध्यावर धरून उभा राहिलो. टपालपेटीचा पत्रा गार होता. बोटं सुटत नव्हती. मागे गाडीचं दार उघडलेलं, यंत्रातली बाई हेनिंगला उजवीकडे वळायला सांगत होती.

"आजोबा," येटे हळूच म्हणाली, "'बहुधा'चा बिल्ला माझ्याकडे आहे. तुमच्याकडे नाहीये आता."

मी सोडलं. पेटी रिकामी असावी. पत्र पडल्याचा आवाज बराच खालून आला.